इतर सर्व

साकाताला जानेवारीत उशिरा उजाडतं.
ते सहापासून जिन्याखाली उभे होते, सहा जण,
गाडीचं इंजिन बंद करून.
अंधारात घरात शिरायचं तर वॉरंटवर तसं लिहिलेलं लागतं,
आणि ते लिहिलेलं नव्हतं.
म्हणून कायदासुद्धा बर्फात पाय आपटत
सूर्याची वाट बघत होता.
मी वरून, पडद्याच्या फटीतून,
त्यांच्या तोंडची वाफ पाहत राहिले.

सातनंतर घंटी.
नुमाझावा नावाच्या साहेबांनी बूट काढले, नीट जोडून ठेवले,
मग कागद माझ्यासमोर धरला. वाचू दिला. घाई केली नाही.
माझा नवरा मच्छीमार संघाचा खजिनदार.
कागदावर किर्द, खतावणी, पावत्या, बँकेची पुस्तकं,
आणि शेवटी, बारीक नव्हे, त्याच अक्षरात:
या प्रकरणाशी संबंधित वाटेल ते
इतर सर्व.

घटना म्हणते, जागा सांगा, वस्तू सांगा, मगच हात लावा.
सांगितलं होतं की.
फक्त शेवटचे दोन शब्द
पोत्याच्या तोंडासारखे उघडे होते.

फ्रिजवर माझी घरखर्चाची वही.
मुळा एकशे अठ्ठेचाळीस. केरोसीन दोन हजार शंभर.
आणि उजवीकडच्या समासात रोज एक ओळ.
पोटातलं ओठावर आणू नये, म्हणायची सासू.
मी ओठ चुकवून समासात आणलं.

तीन मार्च: बाहुल्या यंदाही खोक्यातच.
वीस एप्रिल: कोसाकूच्या सारात मीठ जास्त टाकलं. मुद्दाम.
सहा मे: निगाताची गाडी नऊ बाराला सुटते. पाहून आले.

"ही हिशेबाची वही ना?"
काय म्हणणार? पुठ्ठ्यावर तसंच छापलंय.
वस्तू क्रमांक सतरा. नग एक.
यादीची प्रत मला दिली, मी शिक्का उमटवला,
सरळ उमटला.

तोगाशी वकीलबाई म्हणाल्या,
स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणावर करता येत नाही.
मी विचारलं, आणि जे आधीच, कुणी न विचारता,
रात्री अकराला भांडी घासून झाल्यावर बोलून ठेवलं, ते?
त्यांनी चष्मा पुसला.
म्हणाल्या, डॉक्टर, सुईण, भिक्षू, वकील,
यांच्याकडे विश्वासानं सोपवलेलं
ते देणार नाही म्हणू शकतात.
मी मनात मोजलं.
डॉक्टरांना दाखवण्यासारखं काही दुखत नव्हतं.
सुईण होती. तिचं काम एका रात्रीत संपलं.
भिक्षूंनी बाळाला नाव दिलं, तेही नंतरचं,
पाटीवर लिहायचं.
फ्रिजला कुणाचंच गुपित राखता येत नाही.

अर्ज केला. समासातली बाई परत द्या, आकडे ठेवून घ्या.
न्यायाधीशांनी एका पानात उत्तर दिलं:
वही एक आहे.

अकरा महिन्यांनी आली, तपकिरी पाकिटात.
नवऱ्याचं काय झालं तो वेगळा कागद आहे,
तो दुसऱ्या कुणी वाचावा.
मी पान पान पाहिलं. कुठे डाग नाही, दुमड नाही.
माझ्या ओळी कुणी वाचल्या की नाही,
हे ओळींवरून कळत नाही.
वाचून ते घरी गेले असतील, जेवले असतील,
बायकोच्या सारात मीठ किती हे
एकदा तरी चाखून पाहिलं असेल.

फक्त अकरा जूनच्या पानावर
एक पिवळी चिठ्ठी राहून गेली होती, पेन्सिलीनं,
फार सुबक अक्षर:
बेरीज तीस येननं कमी.

खरंच कमी आहे. मी दोनदा केली.
म्हणजे त्या खोलीत कुणीतरी बसून
माझे मुळे, माझं केरोसीन, माझी टोफूची वडी
एकाखाली एक मांडली,
आणि त्या दिवशी मी कुठे गेले होते याच्या
तीस येन जवळ आला.

आता नवी वही आहे. समास कोरा.
चिठ्ठी मी काढली नाही.
ते तीस येन कुठे गेले, मला माहीत आहे.
ते मी कुठेच लिहिलेलं नाही.